उदबत्ती, कुंकू आणि मॅनिफोल्ड

रंगनाथ,

तू गेलास तेव्हा गाडी उघडीच होती. बॉनेट वर, मॅनिफोल्ड ओसरीत पोत्यावर आणि पान्हा रेडिएटरवर तसाच. भेटायला येणारी माणसं त्या पोत्याला वळसा घालून आत जायची, वहिनींजवळ बसायची आणि निघताना माझ्यापाशी थांबून दबक्या आवाजात विचारायची, "दाजी, गाडीचं काय मंग?" मला आधी राग आला. मग हसू यायला लागलं. तुझ्याच दारात, तुझ्याच दुखवट्यात मी तोंडावर उपरणं धरून हसलो. कौसल्याला, तुझ्या बहिणीला, वाटलं मी रडतोय. ती बिचारी पाठीवरून हात फिरवत राहिली. खरं सांगायचं तर दोन्ही चाललं होतं.

लोकांचं तरी काय चुकलं? अनूचं लग्न तोंडावर आलं होतं आणि तू लेकीला दिलेला शब्द सगळ्या गावाला पाठ होता. "तुझ्या पाठवणीला गाडीत धुराचा वास आला तर नाव लावणार न्हाई रंगनाथ!" चांगला दणदणीत शब्द दिलास, गाडी खोलून ठेवलीस आणि गेलास. तेराव्याला वडीलधारी माणसं बसली, ठरलेलं लग्न ठरल्या दिवशीच करायचं असं त्यांनी ठरवलं. पाठवणीला जीप सांगायची गोष्ट निघाली तशी अनू आतून बाहेर आली. "मी आबाच्याच गाडीत जाणार," म्हणाली आणि परत आत गेली. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. अशा रीतीनं तुझा शब्द माझ्या गळ्यात आला.

ती काळी अँबेसिडर तू आणलीस ते मोसंबी बरी लागलेलं वर्ष होतं. तू जालन्याला गेल्तास ट्रॅक्टर बघायला. आलास ते एका कंत्राटदाराची जुनी मोटार घेऊन. मी आष्टीहून गिरणी बंद करून तातडीनं बघायला आलो, तर तू दारात उभा. मी तोंड उघडायच्या आत म्हणालास, "दाजी, ट्रॅक्टरवर बसून पाव्हण्याकडं जाता येतं का?" मी चप्पल झटकली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसलो.

पहिल्यांदा आपण सगळे जांबला गेलो, समर्थांच्या दर्शनाला. अनू तेव्हा मांडीवर बसायच्या वयाची. निम्म्या वाटेत गाडीत जळका वास भरला, वहिनींनी पदर नाकाला लावला, आणि जांबच्या फाट्याशी अनूला उलटी झाली. हाताशी काही नव्हतं म्हणून तू डोक्यावरची नवी कोरी टोपी पुढं धरलीस. देवळात बोडक्यानं गेलास. कौसल्या म्हणाली, बरं दिसत नाही. तू म्हणालास, "समर्थांना कारण म्हाईत हाय." त्या दिवसापासून अनूला त्या गाडीचं वावडं. शाळेला पायी जाईल, बैलगाडीत बसेल, पण आबाच्या मोटारीत नको. मोटारवाल्याची लेक आणि मोटारीत बसत नाही, हे तुझ्या किती जिव्हारी लागलं होतं ते तू कुणाला बोलला नाहीस, पण मला दिसत होतं.

परत आल्यावर आपण बॉनेट उघडलं. इंजिनातला जळका धूर गोळा करून सायलेन्सरकडं नेणारा बिडाचा नळ म्हणजे मॅनिफोल्ड, हे तुला मीच सांगितलं. गिरणीच्या इंजिनापायी मला असल्या गोष्टी माहीत. तो नळ इंजिनाला टेकतो तिथं मधे पॅकिंग असतं, आणि नेमका तिथून धूर फुसफुसत होता. गार असताना टक-टक, तापलं की जरा गप्प, चढ लागला की फट-फट-फट. मी म्हणालो, बिडाचं तोंड तापून तापून वाकडं झालंय. तू म्हणालास, "तोंड बराबर हाय. पॅकिंग बेकार हाय." झालं! तिथं जो वाद सुरू झाला तो तू जाईपर्यंत मिटला नाही. आणि तो मिटणार कसा? पॅकिंग कापायचो मी, गिरणीसाठी आणलेल्या शीटमधून, कात्रीनं, माप घेऊन. तोंड सपाट करायचास तू, कानस मारून. पॅकिंगला नाव ठेवलं की मला लागायचं आणि तोंड वाकडं म्हटलं की तुला.

धूर कुठून निघतो ते शोधायची तुझी युक्ती मात्र नामी होती. इंजिन चालू ठेवायचं आणि पेटलेली उदबत्ती मॅनिफोल्डच्या कडेनं हळूहळू फिरवायची. उदबत्तीचा धूर जिथं उडाला तिथं फट. मागून वहिनी ओरडायच्या, "पेट्रोलपाशी इस्तू नेऊन राह्यले, अक्कल हाय का!" आणि तोंडाची सपाटी बघायला अनूचा आरसा. त्याच्यावर तेलात कालवलेलं कुंकू फासायचं आणि मॅनिफोल्ड त्याच्यावर टेकवायचं. जिथं कुंकू लागलं तो उंचवटा, तिथं कानस. वहिनी करंडा लपवून ठेवायच्या आणि तू तो शोधून काढायचास. एकदा शेळ्या घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली. उदबत्ती बघितली, कुंकू बघितलं, पायातली चप्पल काढली आणि बॉनेटला हात जोडले. "कोन्या देवाचं हाय, बापू?" तू मान वर न करता म्हणालास, "मावशे, अजून पावला न्हाई."

मी तिथंच मातीत बसलो होतो हसून हसून.

तू टापटिपीचा माणूस. नट आणि वॉशर सुटले की लगेच रॉकेलच्या ताटलीत. मी हात पुसून वळेपर्यंत सगळं न्हाऊनधुऊन चकाचक. तुझी ती ताटली लक्षात ठेव, पुढं तिचं काम आहे. मग तू कानस मारायचास, मी आधीच्यापेक्षा जाड पॅकिंग कापायचो, आणि गाडी थोडे दिवस गप्प राहून पुन्हा बोलायला लागायची. दर खेपेला आधीपेक्षा जरा मोठ्यानंच.

गंमत अशी की गावंच्या गावं त्या आवाजावर चालायला लागली. तू कुणाला गाडी नाही म्हणायचा नाहीस. पंचक्रोशीत कुणाचंही लग्न असो, नवरदेव रंगनाथच्या मोटारीत. तेव्हा फोन कुठं होते! नवरदेव आला हे सांगायला माणूस धाडायची गरज नव्हती. ओढ्यापलीकडून फट-फट ऐकू आलं की वाजंत्रीवाले हातातली बिडी टाकायचे, बाया आरतीचं ताट उचलायच्या आणि मंडळी मारुतीच्या पाराकडं निघायची.

आणि मग तो कुंभार पिंपळगावचा दिवस आला. त्या आधी आपण गाडी खोलली होती आणि माझं पॅकिंग असं काही बसलं होतं की गाडी बोलायचीच बंद झाली. काय छाती फुगली होती माझी! तसेच आपण नवरदेवाला घेऊन निघालो. पुढं तू आणि मी, मागं नवरदेव आणि त्याचा मामा, लाल फेट्यातला. गाडी थेट मारुतीपाशी जाऊन उभी राहिली. पारावर एक कुत्रं सोडून कुणी नाही. वाजंत्रीवाले चहा पीत होते. ऊन मी म्हणत होतं. मामा आधी घड्याळाकडं बघत होता, मग आपल्याकडं, मग त्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला. फेटा काढला म्हणजे काम बिघडलं हे आपण दोघांनीही ओळखलं.

शेवटी कुणीतरी बघितलं आणि नवरीचे वडील, बाबाराव, अनवाणी पळत आले.

"पाव्हण्याला सामोरं यायची पद्धत हाय का न्हाई या गावात?" मामा.

"मामा, आवाजच न्हाई आला! आम्ही कान लावून बसल्तो."

"मंग काय आमी वरडत यायचं व्हतं?"

पाय धुवायला पाणी आलं, मामानं पाय पुढं केले नाहीत. सरबत आलं, घेतलं नाही. नवरदेव मुंडावळ्या सावरत रडकुंडीला आलेला. आणि तू? तू शांतपणे गाडीतून उतरलास आणि हात जोडून बाबारावांना म्हणालास, "तुमी घरी जा. आम्ही अजून आलोच न्हाई." मामाला काही कळायच्या आत तू गाडी मागं फिरवलीस, ओढ्यापलीकडं नेलीस, बॉनेट उघडलंस आणि पान्हा घेऊन माझ्या पॅकिंगवरचा नट ढिला केलास. मी ओरडत होतो. तू ऐकलं नाहीस. मग जे फट-फट करत आपण गावात शिरलो! अख्खं गाव वेशीत. सनई-चौघडा, आरत्या, फटाके. मामा फेटा बांधून असा उतरला की जणू आत्ताच पोचला. पाय धुऊन घेतले, सरबत दोनदा घेतलं.

जेवताना पंगतीत तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "दाजीनं पॅकिंग कापलं की लगीन मोडता मोडता राह्यतं." पंगत हसली. मीही हसलो. पुढं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात तुझं ते वाक्य ठरलेलंच असायचं, आणि मी आपला हसायचो. कधीकधी मात्र वाटायचं रे, या माणसानं एकदा तरी चारचौघांत म्हणावं, की दाजीचं काम चांगलं असतं. आणि मी तरी कुठं म्हणालो होतो, की रंगनाथची कानस सरळ चालते? आपलं प्रेम असंच, एकमेकांना नावं ठेवण्यात गेलं. ते प्रेम होतं हे मला तेव्हाही माहीत होतं.

असो. तर तेरावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ओसरीत बसलो. एकटाच. समोर वाद घालायला कुणी नाही, त्यामुळं सुरुवात कुठून करावी तेच सुचेना. मी मोठ्यानं म्हणालो, "तोंड वाकडं आहे." तेवढ्यात आतून मथुरावहिनी आल्या, हातात कुंकवाचा करंडा. इतकी वर्षं लपवलेला करंडा त्यांनी माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या दाजी. आता हे गाडीलाच लागायचं." मला वर बघवेना. त्याच पुढं म्हणाल्या, "तेवढं पेट्रोलपाशी उदबत्ती नेऊ नका." मग आम्ही दोघंही हसलो, डोळे पुसत.

आरशावर कुंकू फासून मॅनिफोल्ड टेकवलं. उचलून बघतो तर तोंडाला सगळीकडं सारखा लाल रंग. एवढासा उंचवटा नाही. तोंड सरळ होतं, रंगनाथ. माझं पॅकिंग हातात घेतलं, उजेडाला धरलं. कुठं चिरलेलं नाही, कापायला कुठं चुकलेलं नाही. म्हणजे तुझंही खरं आणि माझंही खरं, आणि दोघांचं खरं असूनही धूर निघत होता. मी डोकं धरून बसलो.

तू शेवटी खोललेले वॉशर पोत्यावर तसेच पडले होते. त्या दिवशी तुला बरं वाटेना म्हणून तू आत जाऊन पडलास, रॉकेलची ताटली तशीच कोरडी राहिली. चाळा म्हणून मी एक वॉशर उचलला आणि उलटा केला. अर्धा चकचकीत, अर्धा काजळीनं काळा. दुसरा उचलला, तोही तसाच. मी उभाच राहिलो. अरे, त्या गाडीत हवा आत नेणारा नळ आणि धूर बाहेर नेणारा नळ शेजारी शेजारी असतात, आणि एकच रुंद वॉशर दोघांना दाबून धरतो. वॉशर अर्धा चकचकीत म्हणजे तो हवेच्या नळावर टेकत होता. अर्धा काळा म्हणजे धुराच्या नळाला तो शिवतच नव्हता! तू घासून घासून धुराच्या नळाचं तोंड सपाट केलंस आणि त्यापायी तो शेजाऱ्यापेक्षा पातळ झाला. मी म्हणालो वाकडं आहे, की तू घासायचास. जेवढं दुरुस्त करू तेवढं बिघडत होतं. आणि त्याचा पुरावा तू दर वेळी, मी बघायच्या आत, रॉकेलमध्ये धुऊन काढत होतास!

"अरे रंगनाथ!" मी ओरडलो. वहिनी, कौसल्या, अनू सगळ्या पळत आल्या. मी वॉशर दाखवत हसत होतो, त्यांना वाटलं दाजी गेले कामातून. तुला सांगायचं होतं रे मला. त्या क्षणी तुला हाक मारून सांगायचं होतं, एवढंच. बाकी मरण वगैरे सगळं मी सोसलं असतं, पण तो वॉशर तुला दाखवता आला नाही हे सोसवत नव्हतं.

वॉशरच्या त्या काळ्या बाजूखाली घालायला पातळ लोखंड पाहिजे होतं. तुझ्या कुळवाची जुनी पास, ते लोखंडी पातं, गोठ्याच्या आढ्याला खोचलेली होती, माती खाऊन खाऊन पानासारखी झालेली. ती कापली, कानशीनं घासली, प्रत्येक वॉशरखाली एक अर्धी चकती बसवली. तुझ्याच कानशीनं घासली, आणि पॅकिंग माझं. गाडी चालू केली आणि, वहिनींनी कितीही सांगितलं तरी, उदबत्ती पेटवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. तिचा धूर सरळ वर जात राहिला. अनू माझ्या शेजारी उभी होती. तिनं एक दीर्घ श्वास घेतला, बॉनेटवर वाकून, मुद्दाम, आणि मला म्हणाली, "मामा, वास न्हाई."

लग्न छान झालं. वर्णन कौसल्या करील तुला कधीतरी, माझं सगळं लग्न पाठवणीची वाट बघण्यात गेलं. दिवस कलायच्या आत निघालो. मी चालवायला, मागं अनू, जावई आणि पाठराखीण म्हणून कौसल्या. अनू वेशीपर्यंत रडली. मग इतकी शांतता झाली की तिच्या हातातल्या चुड्याचा आवाज यायला लागला. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "मामा, गाडी चालू हाय ना?" जावई मोठ्यानं हसले आणि मग आपण नव्या सासऱ्याच्या गाडीत बसलोय हे आठवून गप्प झाले. जांबचा फाटा आला. मी आरशात बघितलं. तुझी लेक काच खाली न करता बसली होती, तोंडावर पदर नाही, काही नाही. कौसल्यानं मात्र तुझी जुनी टोपी पिशवीत घालून आणली होती, न जाणो लागलीच तर. ती लागली नाही.

कुंभार पिंपळगाव जवळ आलं तशी माझी धाकधूक सुरू झाली. हो, सासर तिचं तेच! बाबाराव जावयाचे चुलत आजोबा लागतात. मनात आलं, आवाज नाही, कुणाला कळणार नाही, आणि तुझी पोरगी रिकाम्या पाराशी उतरणार. भाकरतुकडा ओवाळायला कुणी नाही, ताट नाही. बाप नाही तो नाहीच, सामोरंही कुणी नाही. पान्हा मी खिशातच ठेवला होता. ओढ्याच्या अलीकडं मी गाडी थांबवली.

"काय झालं, मामा?"

"एक नट जरा ढिला करतो. ऐकू गेलं पाह्यजे त्यांना."

"बिलकुल न्हाई," अनू म्हणाली. "आबानं शब्द दिलाय. कुणी न्हाई आलं तर मी चालत जाईन घरापर्यंत, पण गाडी अशीच जाईल."

तुझीच लेक ती. मी पान्हा परत खिशात घातला आणि ओढ्यात गाडी घातली. चढ चढून वळलो.

अख्खं गाव रस्त्यावर होतं, रंगनाथ. सतरंज्या टाकून बसलेलं. वाजंत्रीवाले वाद्यं गळ्यात अडकवून, बाया ताटं घेऊन, पोरं बाभळीवर. आणि सगळ्यांच्या पुढं, खुर्ची टाकून, म्हातारे बाबाराव डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडं बघत बसलेले. गाडी दिसली तसे उठले आणि वाजवा म्हणून ओरडले.

मी उतरून त्यांचे हात धरले. "तुम्हाला कळलं कसं?"

"रंगनाथराव सुपारीला आल्ते तवाच सांगून गेल्ते," ते म्हणाले. "चारचौघांत म्हणले, या खेपेला आवाजावर बसू नका. दाजी काम करून राह्यलेत, दाजीनं मनावर घेतलं म्हणल्यावर आवाज येणारच न्हाई. रस्त्यावर माणूस बसवा. आमी मंग सगळेच बसलो."

मी गाडीला टेकून उभा राहिलो. कौसल्यानं येऊन पाठीवरून हात फिरवला, आणि या वेळी तिला बरोबर कळलं होतं. चारचौघांत म्हणालास की रे! फक्त मी तिथं नव्हतो.

मग मीही उपरण्यानं तोंड पुसलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बाबाराव, माझं काही न्हाई. सगळी करामत रंगनाथच्या कानशीची हाय. असा सरळ हात पंचक्रोशीत न्हाई." ते ऐकायला तू तिथं नव्हतास. फिट्टंफाट झाली.